शेवळंवाल्या मावशीला विचारलेला चुकीचा प्रश्न

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की ठाण्याच्या मार्केटबाहेर शेवळं, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारी एक रानभाजी, घेऊन बायका बसायला लागतात. मुरबाड, शहापूरकडच्या असतात बहुतेक. समोर गोणपाट, त्यावर जांभळट तपकिरी शेवळांच्या जुड्या आणि बाजूला काकडांचा, म्हणजे शेवळात घालायच्या हिरव्या कडक आंबट फळांचा, छोटासा ढीग. मी तेव्हा "गावकऱ्यांना जवळच्या जंगलाचे कोणते फायदे वाटतात" या विषयावरचे संशोधनाचे पेपर वाचत होते, डोक्यात तेच चालू होतं, म्हणून एका मावशीला सरळ विचारून टाकलं, मावशी, जंगल जवळ आहे त्याचा तुम्हाला काय फायदा होतो? ती माझ्याकडे बघतच राहिली. "फायदा कसला ओ ताई? जातो, आणतो." आणि परत जुड्या बांधायला लागली.

आता गंमत अशी की जगभरातले संशोधक गेली वीसेक वर्षं हाच प्रश्न घेऊन गावोगाव फिरतायत. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जगातल्या परिसंस्थांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, तेराशेच्या वर तज्ज्ञ त्यात होते. त्यात निसर्गाकडून माणसाला जे मिळतं त्याचे चार कप्पे केले. एक म्हणजे वस्तू, लाकूड, चारा, फळं, औषधं वगैरे. दुसरा कप्पा निसर्ग जे सांभाळून धरतो त्याचा, पाणी मुरणं, माती धरून ठेवणं, हवा. तिसऱ्यात देव, सण, करमणूक आणि चौथ्यात या सगळ्याखालची यंत्रणा, म्हणजे मातीची घडण वगैरे. कप्पे छान आहेत, अहवालासाठी तर फारच सोयीचे. पण मावशीकडे असे कप्पे नाहीत ना, तिच्यासाठी शेवळं ही भाजी पण आहे, बाजारात विकून आलेले पैसे पण आहेत आणि पाऊस वेळेवर आल्याची खूण पण आहे.

मग लोकांच्या मनातलं काढायचं कसं? एक साधी पद्धत म्हणजे यादी सांगायला लावायची. काहीही सुचवायचं नाही, फक्त विचारायचं की जंगलातून काय काय मिळतं, आणि माणूस ज्या क्रमाने बोलेल तसं लिहून घ्यायचं. जे खूप जणांनी सांगितलं आणि यादीत आधी सांगितलं ते लोकांच्या मनात वर आहे असं धरायचं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, खड्यांची. बोर्निओच्या जंगलातल्या गावांमध्ये संशोधकांनी ती बरीच वापरली. जमिनीवर चित्रांची कार्डं मांडायची, लोकांच्या गटाला १०० खडे द्यायचे आणि म्हणायचं, जे जितकं महत्त्वाचं त्यावर तितके खडे ठेवा. खरा माल मिळतो तो खडे ठेवताना होणाऱ्या भांडणातून, एक जण सरपणावर दहा ठेवतो, दुसरी त्यातले चार उचलून कंदमुळांवर टाकते, आणि का टाकले हे सांगताना जे बोलते ते कुठल्याही फॉर्ममधे आलं नसतं.

अशा अभ्यासांमधे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, यादीत आधी येतं ते हाताला लागणारं. सरपण, चारा, रानभाज्या. पाणी, माती, हवा मागाहून येतात, आणि कधी कधी येतच नाहीत. यावरून घाईघाईने "गावकऱ्यांना जंगलाचं खरं महत्त्व कळत नाही, जागृती करायला हवी" असं लिहिणारे लोक आहेत, मला ते वाचून राग येतो. अहो, तुम्हाला कोणी विचारलं घरात काय काय आहे, तर तुम्ही फ्रीज, टीव्ही सांगाल, भिंती आहेत असं सांगाल का?

भिंत पडायला लागली की मात्र माणूस भिंतीबद्दलच बोलतो. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली रानं, बघत हिंडत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली, कारण त्यांची देवराई तोडीला लागणार होती. आता देवराई म्हटलं की आपण लगेच श्रद्धा, देवाचा कोप वगैरे म्हणून मोकळे होतो. पण गावकऱ्यांनी काय सांगितलं, तर आजूबाजूचे डोंगर उघडे झाले तसे तिकडचे ओढे आटले, आमचा ओढा टिकलाय तो या राईमुळे. म्हणजे मोजपट्टी नव्हती हातात, पण शेजारच्या गावाचा ओढा आणि आपला ओढा अशी तुलना होती, आणि विज्ञानात दुसरं काय करतात?

बरं, हे म्हणणं खरं का? इथे जरा थांबायला लागेल, कारण "जंगल म्हणजे पाणी" हे इतकं सरळ नाहीये. झाड स्वतः पाणी पितं आणि पानांतून हवेत सोडतं, तेवढं पाणी ओढ्याला कमी. दुसरीकडे जंगलाखालची जमीन भुसभुशीत असते, पालापाचोळा, मुळांच्या वाटा, मुंग्या आणि गांडुळांची बिळं, त्यामुळे पाऊस वरून वाहून न जाता आत मुरतो. प्रश्न एवढाच की मुरणं जास्त की पिणं जास्त. सह्याद्रीसारख्या ठिकाणी, जिथे चार महिन्यांत धो धो पडतं आणि मग काहीच नाही, तिथे मुरणं फार मोलाचं. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्यांवर मोजमापं केली. नैसर्गिक जंगलातून पावसाळ्यात पाणी वाहून जाण्याचं प्रमाण कमी होतं, जमिनीत जास्त मुरत होतं आणि पाऊस संपल्यावरही ओढा जास्त दिवस वाहत होता. गुरं चरून, तोड होऊन जमीन घट्ट झालेल्या भागांत बरोबर उलटं. गाणी गावातल्या लोकांचं म्हणणं याच दिशेचं आहे. पण म्हणून कुठेही, कुठलीही झाडं लावली की विहिरीला पाणी येतं असं मात्र नाही हं, कोरड्या भागात पटापट वाढणारी झाडं लावली तर उलट पाणी कमी होऊ शकतं.

आता पैशाचं बघू. २४ देशांतल्या सुमारे आठ हजार ग्रामीण कुटुंबांचा हिशोब एका मोठ्या अभ्यासात वर्षभर ठेवला गेला, दर तीन महिन्यांनी जाऊन विचारायचं काय आणलं, काय विकलं, काय घरात खाल्लं. घरात जाळलेल्या लाकडाचीही किंमत धरली. तर एकूण उत्पन्नातला पाचवा हिस्सा, जरा जास्तच, नैसर्गिक जंगलातून येत होता, आणि जंगलाबाहेरच्या निसर्गातून मिळालेलं त्यात धरलं तर आकडा पिकांच्या उत्पन्नाच्या जवळपास जातो. मला दोन गोष्टींचं आश्चर्य वाटलं. एक म्हणजे जंगल बायकांचं असं जे आपण धरून चालतो ते सगळीकडे तसं नाही, किमतीत मोजलं तर पुरुषांचा वाटा बरोबरीचा किंवा जास्त निघाला, आफ्रिकेत मात्र बायकांचा जास्त. दुसरं म्हणजे अडीअडचणीला जंगल धावून येतं हे जे आपण नेहमी ऐकतो, ते या हिशोबात तितकंसं दिसलं नाही. आजारपण आलं, पीक बुडालं तर लोक आधी खर्च कमी करतात, साठवलेलं मोडतात, मजुरीला जातात, जंगल बरंच नंतर. म्हणजे जंगल हे संकटातलं कमी आणि रोजचं जास्त. मावशीचं "जातो, आणतो" यात बरोबर बसतं बघा.

आणि सगळाच फायदा असतो असंही नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे वाघाची भीती पण आलीच. मोह रात्रभर गळतो, पहाटे उजाडायच्या आत वेचायला बसावं लागतं, वाकून, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतोच असं नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, मग कधी तीच आग जंगलात पसरते, हे वेचणाऱ्यांनाही माहीत असतं. तेंदूचं तसंच, मे महिन्याच्या उन्हात पानं तोडायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, असे पुडे संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. कोणी घरी येऊन विचारलं फायदा काय, तर त्या दिवशी पाठ दुखत असेल तर उत्तर वेगळं येणार. कोकणात माकडं आणि रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला विचारून बघा, मग तर कानच बंद करावे लागतील.

पण उत्तर सगळ्यात जास्त कशाने बदलतं, तर मला वाटतं जंगल कोणाचं आहे यावरून. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मधे गावाला साधारण १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे. तरी बांबू विकायचा तर तो बाहेर न्यायला वाहतूक पास लागायचा आणि तो वनखात्याच्या हातात होता, त्यामुळे हक्क असून माल बाहेर नेता येईना. शेवटी एप्रिल २०११ मधे तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि त्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. तोच बांबू, तेच जंगल. आधी गावाच्या वाट्याला निस्ताराचा, म्हणजे घरच्या वापरापुरता हक्काचा बांबू आणि तोडणीची मजुरी यायची, आता किती तोडायचा, कुठला ठेवायचा, कोणाला विकायचा हे ग्रामसभा ठरवायला लागली. खड्यांचा खेळ २००८ साली खेळला असता आणि २०१२ साली परत खेळला असता तर बांबूवरचे खडे सारखे राहिले असते का? मला नाही वाटत.

आता त्या शेवळांचं सांगते. मी जुडी घेतली आणि काकडं न घेताच निघाले, म्हटलं घरी चिंच आहे की. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, नीट शिजवलं नाही, आंबट नीट पडलं नाही तर घशाला अशी खाज सुटते की बोलायची सोय नाही. मला सुटली. पुढच्या आठवड्यात मावशीला सांगितलं तर ती पोट धरून हसली, बाजूच्या बाईला पण सांगितलं तिने, आणि मूठभर काकडं पिशवीत टाकत म्हणाली, "ही काय मी शोभेला मांडलेली का?" पैसे द्यायला लागले तर घेईना.