पार्टिशनची भिंत सरकू लागली तेव्हा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली आणि शेजारी डी निम्मा रिकामा. मधली भिंत जरा पलीकडे सरकवली की काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण ही सोय यायला बरीच वर्षं जावी लागली, आणि अडचण भिंतीची नव्हतीच.

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीच्या हार्ड डिस्कसह आला. सोबतच्या डॉस २.० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एफडिस्क हा डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारा प्रोग्राम होता. एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात, हा पार्टिशन पाडण्यामागचा तेव्हाचा हेतू. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या छोट्या कप्प्यात, ६४ बाइटचा एक तक्ता ठेवला गेला. त्यात १६-१६ बाइटच्या चार नोंदी: पार्टिशन कुठून सुरू होतं, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचं आहे. मुख्य पार्टिशन चारच का, याचं उत्तर या चार नोंदींत आहे. (ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीकडे होती, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळालं.)

पुढे पार्टिशन पाडणं भागच पडू लागलं. तेव्हाच्या डॉसला ३२ एमबीहून मोठं पार्टिशन पेलत नसे. ती मर्यादा २ जीबीपर्यंत गेली, पण मग जागा वाया जाऊ लागली. डॉसची फायलींचा हिशेब ठेवण्याची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम, होती फॅट१६. एक जीबीपेक्षा मोठ्या फॅट१६ पार्टिशनमध्ये क्लस्टर, म्हणजे फाइलला मिळणारा लहानात लहान तुकडा, ३२ केबीचा असे, म्हणजे दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ३२ केबी अडवून बसायची. १९९६ मध्ये तिची पुढची आवृत्ती फॅट३२ आल्यावर हा जाच कमी झाला.

आकार बदलायचा तर एफडिस्कने पार्टिशन उडवून नवं करायचं, म्हणजे आतलं सगळं गेलं. तक्त्यातला आकडा बदलणं क्षणाचं काम. पण आतल्या फाइल सिस्टिमचा हिशेब वेगळा असतो. पार्टिशन आकसवायचं तर आधी तिच्या शेवटाकडच्या फायली सुरुवातीकडे आणून हिशेब नव्याने मांडावा लागतो. नव्वदच्या दशकातलं फिप्स हे छोटं साधन हेच मागायचं: डीफ्रॅग करून, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र लावून, डेटा सुरुवातीकडे आणा, मग मागचा रिकामा भाग मी वेगळा करतो. पार्टिशनमॅजिक या विकतच्या प्रोग्रामने तेच काम माउसवर आणलं, २००४ मध्ये जीपार्टेड या प्रोग्रामने ते फुकट दिलं. विंडोजला चालू ड्राइव्ह आकसवण्याची सोय व्हिस्टापासून, म्हणजे २००७ मध्ये मिळाली.

दरम्यान जुन्या तक्त्याची २ टीबीची मर्यादा जीपीटी या नव्या प्रकारच्या तक्त्याने मोडली. त्यात साधारण १२८ नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

तरीही आज विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी आकसवला, तर सीसमोरचा ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ (वाढवण्याचा पर्याय) करडा, म्हणजे बंदच राहतो. जागा सुटली ती डीच्या शेपटाकडे. सीला हवी त्याला अगदी लागून, उजवीकडे. त्यासाठी डीची सुरुवातच पुढे न्यावी लागते, म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून पुढे ठेवायचा. जीपार्टेड ते करतं, पण मोठ्या ड्राइव्हला तास न् तास लागतात. मध्येच वीज गेली तर निम्मा डेटा नव्या जागी आणि निम्मा जुन्या जागी राहतो, म्हणून त्याआधी बॅकअप आजही घ्यावाच लागतो.