शहरांच्या आरोग्याचा पैसा कुठून येतो?

केंद्राचा महसूल राज्ये आणि स्थानिक संस्थांपर्यंत कसा पोहोचवायचा ते सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना निव्वळ आरोग्यासाठी म्हणून ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्यातला मोठा वाटा ग्रामीण भागाचा. शहरांच्या वाट्याला नागरी आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी (प्राथमिक उपचारांच्या सरकारी दवाखान्यांसाठी) २४,०२८ कोटी आणि निदान सुविधांसाठी २,०९५ कोटी आले. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाने नोव्हेंबर २०२०मध्ये, म्हणजे कोविडची पहिली लाट पाहिल्यावर, अहवाल दिला. प्राथमिक आरोग्याचे काम स्थानिक संस्थेच्या हाती देऊन त्याचा पैसाही तिच्या नावाने वेगळा काढायचा, हे वित्त आयोगाच्या चौकटीत नवे होते. पण वरच्या सरकारने शहराला आरोग्यासाठी पैसे द्यायचे आणि सोबत काय करायचे तेही सांगायचे, ही रीत मात्र चांगलीच जुनी आहे.

तिचा माग मुंबईत सगळ्यात स्पष्ट लागतो. १८६५च्या कायद्याने शहराला आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर मिळाले आणि त्यांच्या जोडीला पूर्णवेळ आरोग्य अधिकारीही. गटारे, पाणी, बाजार, कत्तलखाने ही तेव्हाची 'आरोग्यसेवा'. माणसाला तपासणारा डॉक्टर तिच्या केंद्रस्थानी नव्हताच. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे हे डॉक्टर पुढे पालिकेचे अध्यक्षही झाले. साथीने व्यापार ठप्प झाला, लोक शहर सोडून पळाले आणि सरकारला तिजोरी उघडावी लागली.

त्यातून १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. त्याला सरकारी जमिनी मिळाल्या, कर्ज उभारायचा अधिकार मिळाला आणि पालिकेने दरवर्षी ठरावीक वाटा द्यायचा असे ठरले. उद्देश होता कोंदट वस्त्यांमध्ये हवा-उजेड आणण्याचा. प्रिन्सेस स्ट्रीट आणि आजचा मोहम्मद अली रोड हे रुंद रस्ते आले, दादर-माटुंग्याचे आखीव भाग आले. ज्यांच्या खोल्या पाडल्या त्या गरिबांपैकी बहुतेकांना मात्र तिथे परत जागा परवडली नाही, ते शेजारच्या आणखी दाट चाळींमध्ये शिरले. साथीच्या भीतीने दिलेला पैसा रस्त्यांच्या रुंदीत दिसला, लोकांच्या प्रकृतीत तेवढा नाही. माझ्या मते पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या बहुतेक योजनांचे बीज इथेच आहे. पैसा देणाऱ्याला जे मोजता येते, तेच शहरात बांधले जाते.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तोही मुंबईचाच. स्वतःचे उत्पन्न असले की महापालिका काय करू शकते, ते केईएम (१९२६), नायर आणि सायन या रुग्णालयांकडे पाहून कळते. देणगीदारांचा हात लागला, पण रोजचा खर्च पालिकेने उचलला, तिन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये चालवली. पुढे त्यामागे प्रामुख्याने जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, होती. नाक्यावर थांबणाऱ्या ट्रकांच्या रांगांना लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण तो पैसा कुणाच्या योजनेतून येत नव्हता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. राज्यातल्या इतर महापालिकांची त्याआधीच गेली होती. जकातीच्या जागी आता राज्य सरकारकडून नुकसानभरपाईचे हप्ते येतात. रक्कम ठरलेली असते, दरवर्षी वाढतेही. तरी आपण वसूल केलेला कर आणि दुसऱ्याने पाठवलेला हप्ता यांतला फरक अर्थसंकल्प मांडणाऱ्या कुणालाही विचारा.

स्वातंत्र्यानंतर केंद्राची नजर खेड्यांकडे होती. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्राची जी साखळी निघाली, ती ग्रामीण भागासाठी. शहरात डॉक्टर भरपूर, तिथे सरकारने काय करायचे, असा समज होता. झोपडपट्ट्या वाढल्या तेव्हा तो उघडा पडला. कृष्णन समितीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब वस्त्यांसाठी हेल्थ पोस्ट, म्हणजे वस्तीजवळची छोटी आरोग्य केंद्रे, सुचवल्या. मुंबई आणि मद्रासमध्ये त्यांना बळ मिळाले ते १९८८मध्ये, जागतिक बँकेच्या पैशातून. त्या प्रकल्पाचे नावच 'इंडिया पॉप्युलेशन प्रोजेक्ट' होते. उद्दिष्ट लोकसंख्या आवरण्याचे, त्यामुळे हेल्थ पोस्टच्या वाट्याला कुटुंबनियोजन, लसीकरण आणि माता-बालसंगोपन आले. मधुमेह, रक्तदाब, गिरणीतल्या कामगाराचा खोकला हे त्या चौकटीत बसत नव्हते. बँकेचा प्रकल्प संपला, हेल्थ पोस्ट उरल्या. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकाही उरल्या, मानधनावर. त्यांचा पगाराचा आणि कायम नोकरीचा लढा वर्षानुवर्षे आझाद मैदानात आणि न्यायालयात चालू राहिला.

दरम्यान नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली. बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता हा विषय नगरपालिकांच्या यादीत आला. विषय आला, पैसा आला नाही. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, नावातच ग्रामीण. त्याच वर्षी जेएनएनयूआरएम (जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान) शहरांसाठी आले, पण ते नळ, गटारे आणि बसचे. शहरी दवाखान्यांना हक्काची केंद्रीय योजना मिळाली १ मे २०१३ला, राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाला मंजुरी मिळाली तेव्हा. पाच वर्षांसाठी अंदाजे २२,५०७ कोटी, पन्नास हजार लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि दुपारी बारा ते रात्री आठ अशी वेळ. वेळेची ही कल्पना उत्तम होती. रोजंदारीवरचा माणूस सकाळची ओपीडी गाठू शकत नाही, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी कागदावर मान्य केले. अडचण माणसांची झाली. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते बहुतेक कंत्राटी. केंद्र सरकारचा हिस्सा सुरुवातीला ७५ टक्के होता, तो २०१५-१६पासून ६० टक्क्यांवर आला.

आता 'प्रोत्साहना'कडे वळू. अनुदान सरसकट वाटण्याऐवजी कामगिरीशी जोडायचे, हा विचार तेराव्या वित्त आयोगापासून (२०१०-१५) ठसठशीत झाला. बालमृत्यू दर कमी करणाऱ्या राज्यांसाठी त्याने ५,००० कोटी बाजूला काढले आणि शहरांच्या अनुदानालाही अटी घातल्या. पंधराव्या आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांच्या अनुदानाचा एक भाग थेट हवेच्या गुणवत्तेला बांधला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि वसई-विरार त्यात आली. सोबत २०१९पासूनचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम होताच. हवा सुधारा, पैसे घ्या.

झाले काय, तर कामगिरी मोजली गेली पीएम १० या हवेतल्या जाड कणांवर. जाड कणांत रस्त्यावरची धूळ मोठी. साहजिकच शहरांनी रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाणी फवारणारे ट्रक घेतले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४मध्ये हिशेब मांडला तेव्हा यातला ६४ टक्के पैसा रस्त्यांच्या धुळीवर गेलेला निघाला आणि उद्योगांच्या धुरावर एक टक्काही नाही. फुफ्फुसात खोल उतरणारे कण मात्र त्याहून बारीक, पीएम २.५चे असतात. इथे शहरांना दोष देण्यात अर्थ नाही, परीक्षेला जे होते त्याचाच त्यांनी अभ्यास केला.

पाटीचेही राजकारण असते. आरोग्यवर्धिनी केंद्रांचे २०२३च्या अखेरीस 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले. पंजाबने केंद्रीय योजनेतल्या केंद्रांना आम आदमी क्लिनिक केले म्हणून त्याच वर्षी आरोग्य अभियानाचा निधी अडला. महाराष्ट्रात २०२२च्या अखेरीस मुंबईत हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना आला, १ मे २०२३ला तो राज्यभर नेला गेला. मुंबईत सकाळी सात ते रात्री दहा, मध्ये दुपारची तासभर सुट्टी, मोफत तपासण्या. जागा नाही म्हणून काही ठिकाणी पोर्टा केबिनमध्ये. एखाद्या वॉर्डात आज पालिकेचा जुना दवाखाना, जागतिक बँकेच्या काळातली हेल्थ पोस्ट, अभियानाचे नागरी केंद्र आणि आपला दवाखाना एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडू शकतात. प्रत्येकाचे रजिस्टर वेगळे, निधी कुठे खर्चला ते दाखवणारे उपयोगिता प्रमाणपत्र वेगळे.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रापुरती. हा निधी येत होता त्या काळात, २०२२पासून, बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मुंबईत मार्च २०२२ला मुदत संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६मध्ये झाली. दवाखाना कोणत्या गल्लीत उघडायचा, कोणत्या वस्तीला गरज जास्त, हे प्रश्न सभागृहात विचारणारे कुणी नव्हते. पंधराव्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६पर्यंतच. त्या पैशातून घेतलेल्या कंत्राटी डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा त्यापुढचा पगार कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, हा प्रश्न आता निवडून आलेल्यांच्या टेबलावर आहे.