दोन धावा आणि अमोरोसचा ग्लोव्ह: ब्रुकलिनच्या १९५५ च्या शटआउटची पार्श्वभूमी

४ ऑक्टोबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा, निर्णायक सामना न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागातल्या डॉजर्स संघाने यांकीजविरुद्ध २-० असा जिंकला. नुसता स्कोअर पाहिला तर डॉजर्सचा पिचर (चेंडू टाकणारा) जॉनी पॉड्रेस याने समोरच्यांना डोकं वर काढू दिलं नसेल असं वाटतं. तसं काही नव्हतं. यांकीजना आठ हिट, म्हणजे फलंदाजाला सुखरूप बेसवर पोचवणारे फटके, मिळाले होते. पण शटआउटमध्ये, म्हणजे समोरच्या संघाला एकही धाव न देता जिंकण्यात, हिटचा हिशेब धरत नाहीत. तिन्ही बेसना वळसा घालून होम प्लेटवर, म्हणजे जिथे धाव पूर्ण होते तिथे, कोणी पोचला नाही, एवढंच बघतात.

या दोन धावांना ब्रुकलिनमध्ये एवढी किंमत का, हे कळायला जुनी हाडवैराची यादी बघावी लागते. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ अशी पाच वेळा डॉजर्सने वर्ल्ड सिरीज गाठली आणि पाचही वेळा यांकीजकडूनच मार खाल्ला. त्याआधी १९१६ आणि १९२० मध्येही ते हरलेच होते. १९४१ ची जखम तर फारच झोंबणारी. चौथ्या सामन्यात ४-३ अशी आघाडी, नववी इनिंग, दोन बाद, शेवटच्या फलंदाजाचा तिसरा स्ट्राइकही झालेला, म्हणजे कॅचरने (मागे उभा राहून चेंडू झेलणारा) चेंडू धरला की तो बाद. आणि डॉजर्सचा कॅचर मिकी ओवेनच्या हातून चेंडू निसटला. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला आणि यांकीजनी सामना फिरवला. ‘थांबा, पुढच्या वर्षी बघू’ हे ब्रुकलिनच्या चाहत्यांचं पालुपदच होऊन बसलं होतं.

१९५५ ची सुरुवातही तशीच झाली. पहिले दोन सामने गेले. मग एबेट्स फील्ड या घरच्या मैदानावर सलग तीन जिंकले, त्यातला पहिला पॉड्रेसने, ३० सप्टेंबरला, आपल्या तेविसाव्या वाढदिवशी. सहाव्या सामन्यात यांकीजचा पिचर व्हाइटी फोर्डने त्यांना पुन्हा बरोबरी करून दिली. शेवटच्या सामन्याला मॅनेजर वॉल्टर अल्स्टनने पॉड्रेसलाच उभं केलं. हंगामात ९ विजय आणि १० पराभव असलेला हा पोरगा विटरबी या खाणगावातला, खाणकामगाराचा मुलगा. त्याचं हत्यार म्हणजे चेंजअप: हात पूर्ण वेगाने फिरतो, चेंडू मात्र रेंगाळत येतो.

दोन्ही धावा पहिल्या बेसवरच्या गिल हॉजेसच्या बॅटमधून आल्या, एक चौथ्या इनिंगमध्ये आणि एक सहाव्यात. पण सामना फिरला तो सहाव्यातल्याच एका बदलामुळे. आणखी धावा मिळाव्यात म्हणून अल्स्टनने दुसऱ्या बेसवरच्या डॉन झिमरऐवजी जॉर्ज शुबाला बॅटिंगला पाठवलं. शुबा काही करू शकला नाही. मात्र बदललेला झिमर परत येऊ शकत नसल्याने रिकामी झालेली जागा भरायला लेफ्ट फील्डमधला (मैदानाच्या डाव्या, दूरच्या भागातला) जिम गिलियम दुसऱ्या बेसवर आला आणि लेफ्ट फील्डला क्युबाचा सँडी अमोरोस गेला.

त्याच इनिंगमध्ये यांकीजचे दोन गडी बेसवर, एकही बाद नाही, आणि समोर योगी बेरा. डावखुरा बेरा सहसा उजवीकडे मारायचा, म्हणून अमोरोस मध्याकडे सरकून उभा होता. बेराने चेंडू नेमका डाव्या कोपऱ्यात, फाउल लाइनलगत (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या रेषेलगत) उडवला. अमोरोस धावत सुटला आणि ऐन भिंतीजवळ हात लांबवून त्याने झेल घेतला. तो डाव्या हाताने फेकणारा, त्यामुळे ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे चेंडूच्या बाजूला; दुसऱ्या कुणाला तो झेल अवघडच गेला असता. झेल झाला की पुढे पळालेल्याला आपल्या बेसवर परत यावं लागतं; तिथून चेंडू डॉजर्सच्या पी वी रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, आणि पहिल्या बेसवरून पुढे पळालेला यांकीजचा गिल मॅक्डुगाल्ड परत येईपर्यंत बाद. फसलेल्या चालीचं फळ असं आडवाटेने मिळालं. आठव्या इनिंगमध्येही यांकीज पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर होते, पण पॉड्रेसने बेराला झेलबाद होण्यास भाग पाडलं आणि हँक बॉअरला स्ट्राइकआउट केलं.

नवव्यात यांकीजच्या एल्स्टन हॉवर्डचा जमिनीवरचा फटका रीसने उचलून हॉजेसकडे फेकला आणि सामना संपला. डॉजर्सचा नामांकित खेळाडू जॅकी रॉबिन्सन त्या दिवशी खेळलाच नाही, आणि यांकीजचा दुखापतग्रस्त मिकी मँटल एकदाच बॅटिंगला आला, हेही विसरता कामा नये. दोन्ही संघ पूर्ण ताकदीनिशी उतरले नव्हते. वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पहिल्यांदाच दिलेला पुरस्कार पॉड्रेसला मिळाला.

पुढचं वर्ष पॉड्रेसने नौदलात काढलं. त्याच वर्षी यांकीजनी सातव्या सामन्यात डॉजर्सला ९-० ने, म्हणजे शटआउटनेच, हरवून हिशेब चुकता केला. १९५७ चा हंगाम संपल्यावर संघ लॉस एंजेलिसला गेला, त्यामुळे ब्रुकलिनच्या नावावर वर्ल्ड सिरीज राहिली ती ही एकच.