ऑइल प्रेशर कमी, पण पंपावर आळ कशाला?

जुनी गाडी तास-दीड तास चांगली पळवून आणली, इंजिन आयडलला आलं (रेस न देता मंद फिरू लागलं) आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणू लागला. जरा रेस दिली की गायब. सकाळी थंड इंजिनात तर प्रेशरचा काटा दिमाखात चार बारच्या (बार हे दाबाचं एकक) वर उभा होता. बहुतेकांचं निदान इथेच होऊन जातं: ऑइल पंप गेला. मग चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवतात, नवा पंप बसवतात आणि इंजिन गरम झालं की दिवा पुन्हा मिणमिणतोच.

पंपावर हा आळ येतो, कारण प्रेशर पंप तयार करतो असं आपण धरून चालतो. खरं तर पंप फक्त तेल ढकलतो. गिअर पंप असो की रोटर पंप, प्रत्येक फेरीला ठरावीक माप तेल पुढे जातं. प्रेशर किती येणार हे त्या तेलाला पुढे वाट किती अरुंद मिळते आणि तेल स्वतः किती घट्ट आहे यावर ठरतं. सुई न लावलेल्या सिरिंजचा दट्ट्या करंगळीनेही सरकतो, बारीक सुई लावली की अंगठा दुखायला लागतो. दट्ट्या तोच, औषधही तेवढंच. इंजिनात सुईचं काम करते ती क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यामधली फट. मोटारीच्या इंजिनात ती साधारण 0.03 ते 0.06 मिलिमीटर असते, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही कमी.

या फटीचा हिशेब मोठा निर्दय आहे. अरुंद फटीतून झिरपणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की त्याच प्रेशरला गळती आठपट. 0.05 ची फट झिजून 0.06 झाली, म्हणजे अवघा एक शतांश मिलिमीटर गेला, तरी गळती जवळजवळ पावणेदोनपट होते. बोटाला न जाणवणारी झीज काट्यावर का दिसते, ते इथे कळतं.

दुसरी बाजू तेलाच्या घट्टपणाची. नेहमीच्या 15डब्ल्यू-40 तेलाची स्निग्धता 40 अंश सेल्सिअसवरून 100 अंशांवर जाईपर्यंत साधारण सात-आठपट उतरते. 40 हा ग्रेडचा आकडा 100 अंशांवरचाच असतो; तिथे तेलाची स्निग्धता 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या (हे स्निग्धतेचं एकक) दरम्यान असावी लागते. म्हणजे गरम आयडलला तीन गोष्टी एकदम विरोधात जातात: पंप हळू फिरतोय म्हणून तेल कमी, तेल पातळ, आणि जुन्या बेअरिंगमध्ये फट मोठी. दिवा नेमका तेव्हाच मिणमिणतो यात आश्चर्य काहीच नाही.

आणि सकाळचा तो दिमाखदार काटा? थंड घट्ट तेलात प्रेशर एवढं चढतं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो. बऱ्याच इंजिनांत हा व्हॉल्व्ह चार ते सहा बारच्या आसपास उघडतो. म्हणजे सकाळी दिसलेला आकडा त्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा, बेअरिंगचा नव्हे. 'थंड असताना प्रेशर मस्त आहे' या वाक्यावर जुनी गाडी विकत घेऊ नये.

मग कमी प्रेशर म्हणजे बेअरिंग कोरडं पडलं का? लगेच नाही. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बोचॅम्प टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. फिरत्या आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला, वर भार दिलेलं बेअरिंग. वरून तेल सोडायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्यातूनच वर येऊ लागलं. बूच ठोकलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी तिथे प्रेशर गेज लावला, तर 200 पीएसआयपर्यंतच्या (सुमारे 14 बार) गेजचा काटा टोकाला गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र 100 पीएसआयच होता. म्हणजे फिरणारा आस तेलाला पाचरीसारखं अरुंद जागेत ओढतो आणि स्वतःला उचलून धरणारं प्रेशर स्वतःच तयार करतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं, आणि बेअरिंग आजही त्याच गणितावर बेततात. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये हे आतलं प्रेशर शेकडो बारवर जातं. पंपाच्या तीन-चार बारचं काम त्या पाचरीला तेल कमी पडू न देणं एवढंच आहे. म्हणून गरम आयडलला अर्धा-पाऊण बारही चालेल असं काही जुन्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कारण आयडलला भार फारसा नसतोच. दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे साधारण 0.7 बार, हा मिस्त्री लोकांचा ठोकताळा कामाचा आहे, पण आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा.

आता निदान. चालू गाडीत लाल दिवा ठळक पेटला तर आधी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. दिवा खोटा निघाला तर गेला थोडा वेळ. खरा असला तर काही मिनिटांत बेअरिंग जळतं. रेस देऊन 'बघू जातो का' हा प्रयोग तेव्हा नको.

पहिली तपासणी डिपस्टिकची. सपाट जागा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं गेलेली. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना तेल एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दिवा फक्त वळणावर लागत असेल तर बहुधा एवढंच असतं. उलट तेल खूप जास्त भरलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. फेसातली हवा दाबली जाते आणि प्रेशर पडतं. डिपस्टिक पुसण्याआधी नाकाजवळ धरावी. पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन तेलात उतरून ते पातळ होतंय, आणि अशा वेळी पातळी आपोआप वाढलेलीही दिसते. डिझेलचा वास तेवढा पटकन कळत नाही, तिथे वाढलेली पातळीच बोलते. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, मग प्रेशरचा विचार नंतर.

दुसरा संशयित म्हणजे सांगणाराच. लाल दिव्याचा स्विच साधा असतो: प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेलं की तो वायर अर्थ करतो आणि दिवा लागतो. स्विचची वायर काढून बघावी. किल्ली चालू असताना दिवा विझला तर वायरिंग ठीक आहे. तरीही लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. काट्यावाल्या गाडीत सेंडर (प्रेशर मोजून काट्याला कळवणारा भाग) असतो आणि एका वायरचा सेंडर आपला अर्थ चुडीतूनच, म्हणजे बसवायच्या आट्यांमधूनच, घेतो. गळती थांबावी म्हणून कुणी त्या चुडीवर टेफ्लॉन टेप गुंडाळला की अर्थ कच्चा होतो आणि काटा काहीही सांगू लागतो. इंधनाचा नि तापमानाचा काटाही वेडावाकडा वागत असेल तर काही जुन्या गाड्यांत डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघावा. काही गाड्यांत तर काटा नावालाच असतो: आत साधा स्विच, आणि थोडं प्रेशर आलं की काटा मधोमध जाऊन बसतो. अशा काट्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

यावर खात्रीचा उपाय जुनाच आहे. स्विच काढून त्याच भोकात यांत्रिक गेज लावायचा. युजीन बूर्दों यांनी 1849 मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेली ती वाकडी चपटी नळी: आत प्रेशर आलं की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ढकलते. ना वायर, ना अर्थ. स्विच काढताना खाली चिंधी धरावी, चुडीचं माप जुळतंय ना ते हाताने फिरवून बघावं, आणि गेजची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब बांधावी. फुटली तर तापलेल्या लोखंडावर तेल उडेल. मग तीन आकडे लिहून घ्यायचे: थंड आयडल, पूर्ण गरम आयडल, आणि गरम असतानाच दोन-अडीच हजार आरपीएम. पूर्ण गरम म्हणजे गाडी नीट चालवून आणल्यावर, कारण तेल पाण्याच्या मागून तापतं.

गरम आयडलला कमी, पण रेस दिल्यावर आकडा व्यवस्थित चढतो: बेअरिंगची झीज. थंड असो की गरम, आकडा कमीच आणि रेसनेही फारसा हलत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, त्याची स्प्रिंग मोडलीय किंवा इथे मात्र खरोखर पंप झिजलाय. सुरुवातीला ठीक, पण रेस वाढवली की आकडा उलट घसरतो: चेंबरमधली जाळी काजळीने भरली आहे आणि पंपाला हवं तेवढं तेल ओढता येत नाही. सुरू केल्यावर दिवा विझायलाच वेळ लागत असेल तर फिल्टरमधला उलटं तेल अडवणारा व्हॉल्व्ह किंवा जाळीच्या नळीची ओ-रिंग बघावी. नवा फिल्टर घालणं चेंबर खोलण्यापेक्षा केव्हाही सोपं.

काढलेला फिल्टर मात्र फेकू नये. पत्रा कापून आतला कागद सोडवावा, घड्या उलगडून तेल निथळू द्यावं आणि उन्हात तिरका धरून बघावा. काळी काजळी असणारच. तांब्याच्या रंगाची चमकणारी बारीक पापुद्री दिसली तर बऱ्याच बेअरिंगमधला वरचा मऊ थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. चुंबकाला चिकटणारे कण असतील तर झीज लोखंड-पोलादाच्या भागांची. या कागदाइतका स्पष्ट पुरावा इंजिन न खोलता क्वचितच मिळतो.

झीज ठरली की जाडं तेल घालायचा मोह होतो. काटा चढतो हे खरं. फट मात्र तेवढीच राहते. तेल घट्ट झालं म्हणून गळती कमी झाली एवढंच. मॅन्युअलने परवानगी दिलेल्या ग्रेडपर्यंत एक पायरी वर जाणं मला गैर वाटत नाही, विशेषतः गाडी क्वचित चालत असेल तर. त्याच्या पलीकडे जाऊ नये: थंडीत सुरू करताना ते तेल वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत) पोचायलाच वेळ लावतं आणि नेमकी तेव्हा झीज वाढते. आणि खालून ठक-ठक आवाज यायला लागला असेल तर तेलाचा ग्रेड हा विषयच संपला.

चेंबर उतरवून खालून नवे बेअरिंग शेल (बेअरिंगची अर्धगोल पाती) घालता येतात, पण त्याआधी क्रँकशाफ्टचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने एकमेकांशी काटकोनात असलेल्या दोन दिशांना मोजावा. दोन्ही मापं जुळली आणि जर्नलवर ओरखडे नसले तर शेल चालतील. जर्नल अंडाकृती झाला असेल तर क्रँक काढून ग्राइंड करून घ्यावा लागेल आणि शेलही त्या मापाचे.