गीझरचा थर्मोस्टॅट वेगळा, कटआउट वेगळा

गड्ड्याच्या यात्रेला जुळे सोलापुरात बहिणीकडे घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नेमका तेव्हाच गीझर गार. वायरमननं खालचं झाकण काढून लाल बटण दाबलं. "थर्मोस्टॅट उडालता ताई, आता चालतंय." दोन दिवस चाललं, मग परत तेच. उडाला होता तो कटआउट, म्हणजे पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच. दोन्ही एकाच झाकणाखाली, पुष्कळदा एकाच डबीत असतात, म्हणून ही गल्लत होते.

थर्मोस्टॅट रोज राबणारा, पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणारा. टाकीतल्या पॉकेटमध्ये, म्हणजे पाण्यात शिरलेल्या बंद नळीत, त्याची लांब कांडी असते. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हार नावाच्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची काडी. तापल्यावर पितळ लांबतं, इन्व्हार जवळपास होतं तेवढंच राहतं. त्याच्या शोधाबद्दल शार्ल गियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं, आणि तो धातू आपल्या न्हाणीघरात बसलाय! दोघांच्या लांबीतल्या फरकानं स्विच सुटतो, हीटिंगचा दिवा विझतो. पाणी निवलं की स्विच आपोआप परत लागतो.

कटआउट एरवी गप्प असतो. थर्मोस्टॅटच्या स्विचचे पॉइंट एकमेकांना चिकटून वीज चालूच राहिली आणि पाणी उकळीकडे निघालं, की तो वीज तोडतो. आपोआप मात्र परत लागत नाही, आणि ते मुद्दामच तसं ठेवलंय. माणसानं येऊन कारण शोधावं म्हणून. नुसतं बटण दाबत राहिलात तर बिघाड आतच राहतो. पुढे कटआउटही चिकटला, तर बंद टाकी आणि वाफेचा दाब यांच्यामध्ये फक्त प्रेशर व्हॉल्व्ह उरतो.

बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. तापल्यावर त्यातला क्षार कॉइलवर आणि पॉकेटवर पांढरी खपली धरतो. खपलीतून ऊब कांडीपर्यंत उशिरा पोचते आणि थर्मोस्टॅट वीज उशिरा तोडतो.

घरी तपासणी सोपी आहे. १५ लिटरची टाकी, २००० वॉटची कॉइल, २५ अंशांचं पाणी ६० ला न्यायला अठरा-वीस मिनिटं पुरतात. तासाभरानंतरही दिवा जळतोय? गीझर बंद करा, थर्मोस्टॅट बदलून घ्या. झाकणाला हात लावण्याआधी एमसीबी पाडायचा.

बहिणीनं नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला, त्या दिवशी घड्याळ घेऊन ती न्हाणीघराच्या दारात उभी होती. एकोणिसाव्या मिनिटाला दिवा गेला.