पतसंस्थेची पाल्य शिष्यवृत्ती: गुणपत्रिकेच्या आधी स्वतःचं खातं तपासा

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिक्षकांच्या, एसटी कर्मचाऱ्यांच्या, जिल्हा परिषदेच्या पगारदार पतसंस्थांची परिपत्रकं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. ‘सभासद पाल्य शिष्यवृत्ती’ किंवा ‘गुणगौरव’ असं नाव असतं. टक्केवारीची अट वाचून आपण मुलाची गुणपत्रिका शोधायला लागतो. खरं तर आधी बघायचं असतं ते आपलं खातं.

पात्रता मुलाच्या गुणांवर असली, तरी हक्क सभासदाचा असतो. सहकारी कायदा 1960 चा. त्यानुसार सभासद व्हायला करार करण्याची पात्रता, म्हणजे वयाची 18 वर्षं पूर्ण लागतात. शिवाय पगारदार संस्थेत सभासदत्व नोकरीशी बांधलेलं. त्यामुळे विद्यार्थी ‘पाल्य’ म्हणून येतो आणि अर्जदार आई किंवा वडील असतात. नोकरीची अट नसलेल्या नागरी पतसंस्थेत मात्र 18 पूर्ण झालेला कॉलेजचा विद्यार्थी स्वतः शेअर्स घेऊन सभासद होऊ शकतो. नाममात्र सभासदाला (शेअर्स न घेता फक्त शुल्क भरून झालेला सभासद) मतदानाचा आणि नफ्यातल्या वाट्याचा हक्क नसतो, आणि बहुतेक संस्था त्याला या योजनेतही धरत नाहीत.

पैसा सरकारी नसतो, सभासदांच्याच नफ्यातला असतो. निव्वळ नफ्यातला साधारण चौथा भाग राखीव निधीत जातो, लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि उरलेल्यातून सभासद कल्याण निधीसारख्या तरतुदी होतात. म्हणून रक्कम दरवर्षी सारखीच असेल असं गृहीत धरू नका. आणि म्हणूनच थकबाकीदाराचा अर्ज बाजूला पडतो.

इथेच खूप जण अडकतात. कर्जाचा हप्ता आणि वर्गणी पगारातून कापली जाते, त्यामुळे आपण निश्चिंत असतो. पण मे महिन्यात बदली होते, नव्या कार्यालयात कपातीचं पत्र वेळेत पोचत नाही, दोन हप्ते राहतात, आणि आपल्याला पत्ताही नसतो. बिनपगारी रजेतही तेच. काही संस्था थकलेल्या कर्जाच्या जामीनदारालाही रोखतात. हे मला पटत नाही, पण पोटनियमात, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, असेल तर वाद घालून उपयोग नाही. शाखेत जाऊन खातेउतारा घ्या, बाकी असेल तर भरून पावती जवळ ठेवा.

कागद फार नसतात: विहित नमुन्यातला अर्ज, गुणपत्रिकेची स्वसाक्षांकित झेरॉक्स, सभासद क्रमांक, नातं दाखवणारं रेशन कार्ड किंवा आधार, आणि बचत खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान. पुढचं शिक्षण चालू असणं ही अट असेल तर बोनाफाईडही. नवराबायको दोघं एकाच संस्थेत असतील तर एका मुलासाठी सहसा एकालाच लाभ मिळतो. अर्ज कोणाच्या नावाने हे घरातच ठरवा.

टक्केवारी काढताना घोळ होतो. राज्य मंडळाच्या दहावीला सर्वोत्तम पाच विषय धरतात, कला-क्रीडेचे वाढीव गुणही मिळतात. संस्था ते धरते का, हे विचारा. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर टक्केवारी छापलेलीच नसते, त्यामुळे कोणते पाच विषय धरायचे ते परिपत्रकात पाहा. पदवी-अभियांत्रिकीला श्रेणीगुण असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने रूपांतर करून कॉलेजचा शिक्का घ्या. एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्षाला प्रवेश) असेल तर बहुतेक ठिकाणी त्या वर्षी नाव येत नाही.

मूळ गुणपत्रिका शाळेत यायला वेळ लागतो. तोवर ऑनलाइन निकालाची प्रत जोडून अर्ज देऊन टाका आणि मूळ नंतर दाखवू असं अर्जावर लिहा. पोच मात्र तारीख-शिक्क्यासह मागाच. कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या हाती दिलेला अर्ज पोचलाच असं धरू नका.

वाटप बहुधा वार्षिक सर्वसाधारण सभेत होतं, आणि ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेआधी यादी सूचना फलकावर लागली की नाव, टक्के आणि खाते क्रमांक पडताळा. नाव नसेल तर सभेची वाट न बघता सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोचेची झेरॉक्स सोबत.