धंद्याच्या मशीनची एक्स्टेंडेड वॉरंटी

कंपनीची वॉरंटी संपली की पुढची एक-दोन वर्षं रिपेअरिंगचा खर्च दुसऱ्या कोणीतरी करायचा, त्यासाठी आधीच पैसे भरून घेतलेला प्लॅन म्हणजे एक्स्टेंडेड वॉरंटी. झेरॉक्स मशीन, डीप फ्रीजर, बिलिंगचा प्रिंटर असं काहीही घेताना काउंटरवर बिल बनत असतानाच हा प्लॅन पुढे केला जातो आणि घाईत हो म्हटलं जातं, खरं तर बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू आहे तोपर्यंत नंतरही प्लॅन देतात, त्यामुळे घरी जाऊन नीट वाचून ठरवता येतं.

वाचताना आधी बघायचं ते व्यावसायिक वापराचं कलम. घरगुती फ्रिज किंवा मिक्सर नाश्त्याच्या गाडीवर लावला तर बरेच प्लॅन क्लेम नाकारतात, कारण ते फक्त घरगुती वापरासाठी असतात, म्हणजे भरलेले पैसे पहिल्या दिवसापासून वाया. दुसरं म्हणजे झिजणारे पार्ट. झेरॉक्स मशीनमध्ये खर्च खातात ते ड्रम, फ्युजर, रोलर, आणि नेमके हेच बहुतेक वेळा कव्हरमध्ये नसतात. व्होल्टेज कमी-जास्त होऊन जळालेला बोर्ड, उंदरांनी कुरतडलेली वायर हेही सहसा बाहेरच.

म्हणून झेरॉक्सवाले वॉरंटीपेक्षा एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचं बोलतात. त्यात एक कॉम्प्रिहेन्सिव्ह, ज्यात पार्ट धरलेले असतात, आणि एक नुसत्या सर्व्हिसची, ज्यात माणूस येतो पण पार्टचे पैसे आपले. तिसरा प्रकार कॉपीमागे रेटचा, मीटर बघून बिल, टोनर-ड्रम त्यांचं, कागद आपला. रोज भरपूर कॉपी निघत असतील तर मला हा सगळ्यात सरळ वाटतो.

हिशोब उदाहरणाने बघू. मशीन ४०,००० चं, दोन वर्षांचा प्लॅन ६,००० चा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,०८० (कंपोझिशन स्कीममध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत असाल तर हा भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही, तो खर्चच). मोठं काम निघालं तर १४,००० लागतील असं धरलं, तर त्या दोन वर्षांत ते काम निघायची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच प्लॅन परवडतो. प्रिंटर, लॅमिनेशन मशीन असल्या वस्तूंना तो घेऊच नये, तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाकावेत.

पण ज्या एका मशीनवर दुकान उभं आहे तिथे रिपेअरिंगच्या बिलापेक्षा बंद पडलेले दिवस जास्त महाग पडतात. दहावी-बारावीच्या निकालानंतर अ‍ॅडमिशनच्या गर्दीत मशीन चार दिवस बंद राहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, आणि तालुक्याच्या गावी टेक्निशियन जिल्ह्याहून यायचा असतो. त्यामुळे किती तासांत माणूस येणार आणि तोवर बदली मशीन देणार का, हे लेखी घ्यावंच, तोंडी नाही.

क्लेम नाकारला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही, मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं मशीन असेल तर दुकानदारही ग्राहक धरला जातो, आधीच्या १९८६ च्या कायद्याखाली १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करता येते. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, म्हणून घेतल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढून सिरीयल नंबरसकट फाईलला लावावी.